भाऊजींचा वेव्हर: गावात बसून अमेरिकेची फाइल कशी बांधावी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. लोक अजून सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, ई-केवायसी, आणि पीक विम्याच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत रांग. त्यामुळे २०२१ च्या नोव्हेंबरात भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, अमेरिकेहून घरी आले आणि मुदत उलटून तिथे राहिल्याच्या बंदीमुळे त्यांची परत जायची वाट बंद झाली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही बंदी माफ करून घेण्याच्या अर्जाला वेव्हर म्हणतात. कागदाचंच काम आहे ना, मग सूनबाई करते. मीही म्हटलं, करते. मला वाटलं होतं सहा महिने लागतील. चार वर्षं उलटली.

आता यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडून कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने फोन येतात. "ताई, आमच्या पोराचंही तसंच झालं." दर वेळी तीच गोठ पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. मी वकील नाही. अमेरिकेत परवाना असलेला इमिग्रेशनचा वकील लागतोच, आम्हीही केला. पण वकील न्यू जर्सीत बसतो, त्याला तलाठी आणि ग्रामसेवक यांतला फरक कोण सांगणार? तेवढा भाग घरच्यांनाच ओढावा लागतो.

आधी दिवस मोजा

भाऊजी पुसदला इंजिनिअरिंग करून पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेले. २०२० च्या मे महिन्यात कंपनीने कामावरून कमी केलं. नोकरी गेल्यावर साठ दिवसांची सवलत असते, त्या कोरोनाच्या दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही. देशात शिरताना जी नोंद होते तिला आय-९४ म्हणतात. तिच्यावर त्यांची तारीख होती ऑगस्ट २०२०. त्या तारखेनंतर ते तिथेच राहिले, पंधरा महिने.

घरात सगळे समजत होते की मोजणी नोकरी गेली त्या दिवसापासून. तसं नाही. बंदीसाठी जे दिवस मोजतात ते आय-९४ वरची तारीख उलटल्यावरचे. म्हणून पहिलं काम हे की जुना पासपोर्ट, आय-९४ ची प्रत आणि परतीचं विमानाचं तिकीट समोर ठेवून कॅलेंडरवर बोट ठेवत दिवस मोजायचे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी राहून स्वतःहून बाहेर पडलं तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त राहून बाहेर पडलं तर दहा वर्षं. अठरा वर्षांखालच्या वयातले दिवस धरत नाहीत. विद्यार्थी व्हिसावाल्यांच्या आय-९४ वर बहुधा तारीखच नसते, 'डी/एस' लिहिलेलं असतं. त्यांचा हिशेब वेगळा. सरकारने किंवा न्यायाधीशाने तसा निर्णय दिल्याशिवाय ही मोजणी साधारणपणे सुरू होत नाही. तुमचं पोरगं विद्यार्थी म्हणून गेलं असेल तर उगाच दहा वर्षांच्या नावाने रडत बसू नका, आधी त्याचे कागद पाहा.

आता त्या कायद्यातलं 'बाहेर पडलं' पुन्हा वाचा. नुसतं राहिल्याने ही बंदी लागत नाही, देशाबाहेर पाऊल टाकलं की लागते. भाऊजींनी २०२१ च्या मार्चमध्ये तिथेच लग्न केलं. मुलगी अमेरिकेत जन्मलेली, तिथली नागरिक, माहेर मूळचं अकोल्याचं. रीतसर व्हिसावर आत गेलेल्या माणसाला, मुदत संपली असली तरी, नागरिक नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आधारे तिथे बसूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. ते अर्ज टाकणारच होते. तेवढ्यात इकडे मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. "दादा, मी येऊन राहिलो," एवढाच फोन आमच्या घरी आला आणि तिसऱ्या दिवशी भाऊजी नागपूर विमानतळावर होते. अर्ज आधी टाकला असता, ॲडव्हान्स पॅरोल नावाची प्रवासाची परवानगी हातात असती, तर त्या जाण्याने ही बंदी लागली नसती. तातडीच्या आजारपणात ती परवानगी लवकर मागताही येते.

मी त्यांना दोष देत नाही. मामाजी फेब्रुवारीत गेले. त्या तीन महिन्यांत रात्री दोन-दोन तासांनी त्यांची कूस भाऊजींनीच बदलली. पण तुमचं कोणी आज तिकडे असं अडकून असेल आणि इकडे कोणी आजारी असेल, तर तिकीट काढण्याआधी वकिलाला एक फोन करायला सांगा. एवढं वाचून कोणी तेवढंच केलं तरी माझा लिहिण्याचा खटाटोप वसूल झाला.

एक एजंट आम्हालाही भेटला होता. म्हणाला, फॉर्मवर पाच महिनेच राहिलो असं लिहा, बाकी मी पाहतो. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, दोन दिवस त्याच्याच गोष्टी करत होते. मी म्हटलं, ज्या देशाने जाण्या-येण्याची तारीख कॉम्प्युटरमध्ये टाकून ठेवली त्याला आपण काय सांगायचं? व्हिसासाठी खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर ती बंदी जन्माची असते. आणि डंकीने जाणाऱ्यांसाठी: वर्षाच्या वर बेकायदा राहून बाहेर आलेला माणूस पुन्हा चोरवाटेने घुसला, नुसता प्रयत्न केला, तरी दहा वर्षं देशाबाहेर काढल्याशिवाय परवानगी मागायचीही सोय राहत नाही.

कोणता अर्ज कशासाठी

हे थोडक्यात. बायको अमेरिकेतून आय-१३० भरते: हा माझा नवरा. शुल्क २०२४ च्या एप्रिलपासून ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. तो मंजूर झाला की फाइल एनव्हीसी या अमेरिकेच्या व्हिसा केंद्राकडे जाते. तिथे ३२५ डॉलर व्हिसाचे आणि १२० डॉलर आर्थिक हमीच्या तपासणीचे भरून डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म आणि सगळे दाखले चढवायचे. मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. तिथे बंदीच्या कलमाखाली व्हिसा नाकारला जातो, आणि त्यानंतर आय-६०१, म्हणजे वेव्हर, बंदी माफ करण्याचा अर्ज, १,०५० डॉलर. आकडे बदलतात, भरायच्या दिवशी सरकारी साइटवर पाहून घ्या.

आय-६०१ए असा जुळा भाऊ आहे. तो अजून अमेरिकेतच असलेल्यांनी, बाहेर पडायच्या आधी भरायचा. माणूस गावी येऊन बसला असेल तर तो तुमच्या कामाचा नाही. आम्ही एका ओळखीच्याच्या सांगण्यावरून त्याचेच नियम महिनाभर वाचत बसलो होतो.

नागरिकाच्या नवरा-बायकोला कोट्याची रांग नसते, वेळ लागतो तो कामकाजाला. भावाने भावासाठी भरलेल्या अर्जाला भारतीयांना वीस वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागते, म्हणून त्याची तुलना करून घाबरू नका.

त्रास कोणाचा?

इथे आमचं घर सगळ्यात जास्त अडखळलं, म्हणून जरा बसून सांगते.

वेव्हर मिळतो तो 'एक्स्ट्रीम हार्डशिप', म्हणजे टोकाचा त्रास, दाखवला तर. आम्ही समजलो, म्हणजे आमचे हाल सांगायचे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला बसवून घेतलं आणि सांगायला लागल्या: नवरा गेला, पोरगा दारात बसून आहे, झोप लागत नाही, बीपीची गोळी वाढली. मी सगळं टाइप केलं, दोन पानं झाली. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, हिने वकिलाला पाठवलं. आमची रात्रीची साडेनऊ म्हणजे तिची दुपार, त्या वेळी तिचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, हे चालणार नाही. आईंचा त्रास धरतच नाहीत. यांचाही नाही."

कायद्यात त्रास मोजतात तो फक्त अर्जदाराच्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवरा-बायकोचा, नाहीतर आई-वडिलांचा. भाऊजींच्या बाबतीत एकच माणूस: धाकटी. तिच्या पोटच्या पोराचा त्रासही थेट धरत नाहीत, त्या पोरामुळे आईवर काय ओढवतं ते मात्र धरतात. आत्याबाईंना हे सांगणं मला जड गेलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की ती दोन पानं मी जपून ठेवते. ठेवलीही आहेत, सातबाऱ्याच्या फाइलमध्ये.

दुसरी गोष्ट, नुसता विरह पुरत नाही. नवरा दूर असला की सगळ्यांनाच रडू येतं, ते अर्ज तपासणाऱ्या साहेबाला माहीत आहे. नेहमीपेक्षा जास्त काय, ते दाखवायचं. आणि दोन बाजूंनी दाखवलेलं बरं: नवरा इकडे आणि ती तिकडे राहिली तर तिचं काय होईल, आणि ती सगळं सोडून इकडे आली तर काय होईल.

पहिली बाजू तिनेच बांधली. तिच्या वडिलांना पार्किन्सन्स आहे, त्यांचं करणारी ती एकटी. डॉक्टरचं पत्र घेताना तिने त्यांना सांगितलं, आजाराचं नाव नको, दिवसभरात माझ्याशिवाय काय अडतं ते लिहा. पत्रात आलं: कपडे घालणं, गोळ्यांच्या वेळा, रात्री पडण्याचा धोका. लेकरू २०२२ च्या जूनमध्ये झालं. पाळणाघराची बिलं, शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते, कामाचे तास कमी केल्याची मालकाची चिठ्ठी, मानसोपचार तज्ज्ञाचा अहवाल, सगळं जोडलं.

इथे एक फट असते, ती सांगते. आर्थिक हमीच्या आय-८६४ मध्ये दाखवायचं असतं की नवऱ्याला पोसण्याइतकी कमाई आहे. गरिबीरेषेच्या १२५ टक्के लागतात, २०२५ च्या आकड्यांप्रमाणे तिघांच्या घराला वर्षाला ३३,३१२ डॉलर. आणि वेव्हरमध्ये आपण म्हणतो पैशाची ओढाताण आहे. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, एकमेकांना खोटं पाडणारे! आम्ही तिचे खरे आकडेच दोन्हीकडे लिहिले आणि हमीला तिच्या भावाला सहहमीदार म्हणून उभं केलं. तुमच्या घरातही दोन्ही कागद एकाच माणसाने शेजारी ठेवून वाचावे.

दुसरी बाजू, म्हणजे ती इकडे आली तर, ती माझ्या वाट्याला आली. म्हणजे आमचं गाव राहायला किती अवघड आहे ते लिहायचं. याच गावात मी रोज लोकांना रहिवासी दाखला काढून देते.

वकिलाच्या कचेरीतून नमुना आला होता. त्यात वाक्य होतं की गावात वैद्यकीय सोय नाही. मी ते खोडलं. आमच्या गावात उपकेंद्र आहे, आशाताई आहे, लेकरांच्या लसी वेळेवर होतात. त्याजागी मी अंतरं लिहिली. उपकेंद्र गावातच. प्राथमिक आरोग्य केंद्र सात किलोमीटर. दारव्हा चौदा. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पंचावन्न. शेवटची एसटी संध्याकाळी पावणेसहाला, त्यानंतर ज्याच्याकडे गाडी त्याच्या पाया पडा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि लाइट गेली तर कधी येईल ते लाइनमनच्या मर्जीवर. धाकटी शिकली आहे डेंटल हायजिनिस्ट, दात साफ करण्याचं खास शिक्षण. दारव्ह्याच्या दंतवैद्यांकडे त्या नावाची वेगळी नोकरीच नाही, हे मी फोन करून विचारलं आणि एकाने लेटरहेडवर लिहून दिलं. तिच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, त्यामुळे भारतात राहायला कायद्याने अडचण नाही. हेही आम्ही लपवलं नाही, लिहिलं. पण ओसीआयवाल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि आमचं घर शेतीवर चालतं, तेही लिहिलं.

आणि २०२३ च्या मे महिन्यातली एक रात्र लिहिली. धाकटी अकरा महिन्यांच्या लेकराला घेऊन आली होती. दुसऱ्या आठवड्यात त्याला हागवण लागली, रात्री दहाला अंग तापलं, लाइट नव्हती, मोबाइलच्या उजेडात मी ओआरएस कालवलं. शेजारच्याची बोलेरो घेऊन यवतमाळला पोचायला साडेबारा झाले. लेकरू दोन दिवस सलाइनवर. ते डिस्चार्ज कार्ड, औषधाची चिठ्ठी, दोन्ही फाइलमध्ये आहेत. नुसतं 'दवाखाना लांब आहे' म्हणण्यापेक्षा त्या कार्डावरची तारीख आणि वेळ जास्त बोलते.

एक जोडपत्र मात्र मी लावू दिलं नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भारताबद्दलची प्रवास सूचना असते, तिच्यात नक्षलवादी भागाच्या वर्णनात पूर्व महाराष्ट्राचा उल्लेख आहे. असल्या सूचनांना वेव्हरमध्ये वजन असतं, म्हणून वकिलाला ती हवी होती. मी म्हटलं, गडचिरोली आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. आमच्या गावात रानडुकरं येतात, नक्षलवादी नाही. उद्या साहेबाने नकाशा उघडला तर खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहणार नाही. वकिलाने ऐकलं.

पत्र तयार झाल्यावर मी ते मराठीत घरात वाचून दाखवलं. आमच्या ह्यांनी मान हलवली. भाऊजी बाहेर निघून गेले. आत्याबाई शेंगा फोडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"आपलं गाव इतकं वंगाय हाये काय व?"

"गाव वंगाळ नाही, आत्याबाई. दवाखाना दूर आहे, तेवढंच लिहिलं."

"मंग तसंच लिहा," त्या म्हणाल्या आणि टरफलं सुपात लोटली.

आपल्या बाजूचे कागद

जन्माचा दाखला. हा बहुतेक घरांत अडतो. भाऊजींचा जन्म घरचा, १९८६ चा. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत तारीख होती, वडिलांचं नाव होतं, बाळाच्या नावाची जागा कोरी. आम्हाला नाव नंतर घालून मिळालं, शाळेचा दाखला जोडून ग्रामसेवकाकडे अर्ज केला होता. तुमची नोंद अशी कोरी असेल तर नाव अजून घालता येतं का ते ग्रामसेवकाला आधी विचारा. नोंदच नसेल तर काम मोठं: अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि वर्ष उलटल्यावरची उशिराची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. अलीकडे त्याची तपासणीही फार कडक झाली आहे, म्हणून हे काम मुलाखतीच्या नव्हे, पहिल्या अर्जाच्या दिवशीच सुरू करा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणि जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं हाताशी असू द्या. आमच्याकडे सुईण होती त्या आजीने अंगठा दिला. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

नावं. मामाजींचं नाव जन्मनोंदीत विठोबा, टीसीवर विठ्ठलराव, पासपोर्टवर विठ्ठल, आणि विठ्ठलमध्ये इंग्रजी टी एकीकडे एक, एकीकडे दोन. माझ्या केंद्रात असं रोज येतं आणि लोक लगेच गॅझेटला धावतात. थांबा. आधी सगळ्या कागदांवरची नावं एका वहीत अक्षर न बदलता उतरवा. मग पासपोर्ट हा पाया धरून, ही सगळी नावं एकाच माणसाची, असं एक प्रतिज्ञापत्र करा आणि वकिलाला विचारा. फॉर्ममध्ये 'इतर नावं' असा रकाना असतो, तिथे सगळी भरा. आमचं तेवढ्यावर भागलं.

मामाजींच्या आजारपणाचे कागद भाऊजींच्या बाजूने फार कामी आले. त्रास सिद्ध झाला तरी माफी द्यायची की नाही हे शेवटी अधिकाऱ्याच्या हातात असतं, तो चांगलं-वाईट तोलतो. झटका आला त्या दिवसाचं भरतीचं कार्ड, तिसऱ्या दिवसाचं विमानाचं तिकीट आणि फेब्रुवारीचा मृत्यूचा दाखला, हे तीन कागद मी एकापाठोपाठ लावले. मध्ये काहीही लिहिलं नाही.

पोलीस क्लिअरन्स, पीसीसी. पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज, ५०० रुपये, आमच्यासाठी पासपोर्ट कार्यालय नागपूरचं. पोलीस पडताळणीला गावात येतात तेव्हा माणूस घरी असावा. भाऊजी नेमके कापसाची गाडी घेऊन गेले होते आणि आमचा अर्ज पंधरा दिवस मागे गेला. अमेरिकेत राहिल्याचा तिथला पोलीस दाखला मागत नाहीत, त्याच्यामागे लागू नका.

आणि कृपा करून मूळ दाखले लॅमिनेट करू नका. मी स्वतः लॅमिनेशनचे पैसे घेते, तरी सांगते. मागच्या बाजूचे शिक्के स्कॅन करायचे असतात.

भाषांतराला नोटरी लागत नाही, हे ऐकून आमच्या तालुक्याच्या नोटरीला वाईट वाटलं. दोन्ही भाषा येणारा माणूस पूर्ण भाषांतर करतो आणि खाली लिहून सही करतो की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बिनचूक आहे. आम्ही हायस्कूलचे निवृत्त इंग्रजीचे सर गाठले. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून सातबारा मोबाइलवर भाषांतरून नेला होता. सरांनी चष्मा वर केला. 'पोटखराबा'चं मोबाइलने बिघडलेलं पोट करून ठेवलं होतं. "म्हणजे तुमच्या शेताला अजीर्ण झालं," सर म्हणाले. मग त्यांनी 'लागवडीला अयोग्य जमीन' असं इंग्रजीत लिहिलं, कोरडवाहूला 'पावसावर अवलंबून' लिहिलं, आणि मौजा, साझा तसेच ठेवून बाजूला एक ओळीचा अर्थ दिला. अकरा कागदांना त्यांनी चार दुपारी घेतल्या, पैसे घेतले नाहीत, तुरीची डाळ घेतली.

मुंबई

२०२४ च्या मार्चमध्ये मुलाखत होती. आधी वैद्यकीय तपासणी. ती वकिलातीच्या यादीतल्याच डॉक्टरकडे होते, गावच्या फॅमिली डॉक्टरचं पत्र चालत नाही. लसींचा कागद नसेल तर मोठ्या माणसालाही पुन्हा टोचतात. भाऊजींच्या लहानपणीचं लसीचं कार्ड उंदरांनी खाल्लेलं, त्यामुळे दंड दोन्ही बाजूंनी सुजले. छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसला तर थुंकीच्या तपासणीत दोन महिने जाऊ शकतात. घरात कधी कोणाला टीबी झाला असेल तर तेवढे दिवस मोकळे ठेवूनच बाकीचं आखा.

बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी मुंबई. वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून सोबत एक माणूस हवाच. हे बाहेर फूटपाथवर दोन मोबाइल आणि डबा घेऊन बसले होते.

भाऊजी बाहेर आले ते हातात नकाराचा कागद घेऊन. ह्यांचा चेहरा उतरला. मी फोनवर विचारलं, "कलम कोणतं लिहिलंय?" २१२(ए)(९)(बी). "आणि खाली वेव्हरच्या रकान्यात खूण आहे काय?" होती. "मग बरोबर आहे. जेवून घ्या." आमच्यासारख्यांच्या वाटेत हा नकार येतोच, त्याच्याशिवाय आय-६०१ भरताच येत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तिकडून 'नाकारला' एवढाच शब्द येतो आणि इकडे चूल पेटत नाही.

मुलाखतीत विचारलं तेवढंच सांगायचं. भाऊजींना विचारलं, मुदत संपल्यावर का राहिलात? त्यांनी सांगितलं, नोकरी शोधत होतो, मग चुकलो. वकिलाने मोठं वाक्य पाठ करून घेतलं होतं, ते विसरले. बरंच झालं.

भरल्यानंतर

मे २०२४ मध्ये आय-६०१ गेला. मग काहीच नाही. दर सोमवारी केंद्र उघडल्यावर मी आधी केस नंबर टाकून पाहायची, मग पीएम किसान. सव्वा वर्षाने पुरावे मागणारं पत्र आलं, त्याला आरएफई म्हणतात. त्यावर जी तारीख असते ती वाढवून मिळत नाही आणि उत्तर एकदाच पाठवता येतं, तुकड्यातुकड्यांत नाही. तोवर इकडे बरंच बदललं होतं: धाकटीच्या वडिलांना व्हीलचेअर लागली होती आणि लेकरू तीन वर्षांचं होऊनही बोलत नव्हतं, त्याची स्पीच थेरपी सुरू होती. तिथल्या थेरपिस्टचा आराखडा तिने जोडला. इकडे मी शोधलं, तर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शिकवणारी बाई नागपूरला सापडली, आमच्यापासून जाऊन-येऊन एक दिवस. तिच्या फीचा कागद मी जोडला. म्हणून अर्ज भरल्यावर फाइल कपाटात टाकू नका. दर तीन महिन्यांनी नवी बिलं, नवी पत्रं तिच्यात घालत राहा.

या काळात माणसाला गावात काम लागतं. भाऊजी पहिलं वर्ष नुसते मोबाइल पाहत बसायचे. मग त्यांनी ठिबकचा हिशेब हातात घेतला, आता गावातल्या सहा जणांच्या मोटारी मोबाइलवर चालू-बंद होतात. लेकराशी रोज रात्री व्हिडिओवर. ते बोलत नाही, पण भाऊजी बैलाचा आवाज काढतात तेव्हा स्क्रीनला हात लावतं.

गेल्या महिन्यात वेव्हर मंजूर झाल्याचं कळलं. गावात पेढे वाटून झाले, पण मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे. फाइल पुन्हा मुंबईला जाते, पासपोर्ट मागवतात. वैद्यकीय तपासणीची मुदत सहसा सहा महिन्यांची, म्हणजे ती पुन्हा करायची, एक्स-रे पुन्हा. पीसीसी दोन वर्षांनी जुनी होते, आमची २०२३ च्या ऑगस्टची. हमीचा फॉर्म नव्या वर्षाच्या करपत्रांसह. व्हिसा लागला की वर २३५ डॉलरचं ग्रीन कार्डचं शुल्क.

पीसीसीची नागपूरची अपॉइंटमेंट मंगळवारची मिळाली आहे. पडताळणीच्या आठवड्यात कापसाची गाडी हे नेतील, भाऊजी घरी थांबतील, असं ठरलंय.